उपचारांसाठी परदेशी जाताय? व्हिसाच्या अर्जात या चुका टाळा

"आजाराचं नाव काढू नका, फिरायला चाललोय असंच लिहा. पटकन होतं काम." पुण्यात हा सल्ला एजंटही देतात आणि नातेवाईकही. कृपा करून तो ऐकू नका. अमेरिकेचा बी-2 काय किंवा ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा काय, उपचारांसाठी जाणाऱ्यांची सोय त्यातच आहे. फक्त कारण खरं सांगावं लागतं. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचं ठरलं, तर अमेरिकेत कायमची प्रवेशबंदी होऊ शकते आणि ब्रिटनमध्ये 10 वर्षांची. शिवाय व्हिसा हातात पडला तरी तिथल्या विमानतळावर बॅगेतून रिपोर्टची फाइल आणि औषधं निघतातच. तेव्हा 'फिरायला आलोय' कोणाला पटणार?

दुसरी चूक घरात होते, आणि ती प्रेमापोटी होते. आईला कॅन्सर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त आईला नसतं. मग मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत खिडकीपलीकडचा अधिकारी थेट तिलाच विचारतो, "कशासाठी चाललात?" ती म्हणते, "मुलाकडे, नातवंडांना भेटायला." समोरच्या अर्जात मात्र केमोथेरपी लिहिलेली असते. तिच्या मनात खोटेपणा नसतो, पण अर्जावरचा विश्वास तिथेच उडतो. हे टाळायचं तर अर्ज भरण्याआधी रुग्णाशी बोला. तुम्हाला जमत नसेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगा, ते हे काम नेहमी करतात. माझ्या मते व्हिसाचा प्रश्न नसता तरी हे सांगायलाच हवं. एवढा मोठा प्रवास आणि एवढे कठीण उपचार ज्याच्या शरीरावर होणार, त्याला ते कळण्याचा हक्क आहे.

पत्रं दोन लागतात, आणि दोन्ही नेमकी लागतात. इथल्या डॉक्टरांच्या पत्रात निदान, आतापर्यंतचे उपचार आणि बाहेरच जाण्याची गरज का, हे लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह हवं. 'पुढील उपचारांसाठी पाठवत आहे' एवढ्या एका ओळीवर काम भागत नाही. तिकडच्या हॉस्पिटलच्या पत्रात कोणते उपचार, कुठे, किती दिवस आणि अंदाजे खर्च किती, हे सगळं असावं. नुसती अपॉइंटमेंटची ई-मेल म्हणजे पत्र नव्हे. ब्रिटनमध्ये 6 महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर खासगी उपचारांसाठी 11 महिन्यांचा वेगळा व्हिसा आहे आणि त्याला भारतातून जाणाऱ्यांना टीबी तपासणीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसासाठी, किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा सक्तीचा असतो, पण तो ठरवून करायच्या उपचारांचा खर्च देत नाही. तो खर्च वेगळा दाखवा.

नावांचा घोळ तर आपल्याकडे पाचवीला पुजलेला. पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि केसपेपरवर 'सौ. कुलकर्णी' एवढंच. आपल्याला यात काही वाटत नाही, पण परक्या अधिकाऱ्याला त्या तीन वेगळ्या बायका दिसतात. नव्या तपासण्या करताना काउंटरवरच पासपोर्ट दाखवा आणि त्याप्रमाणे नाव घालून घ्या. जुन्या रिपोर्टसाठी विवाह प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र जोडा. मराठीतल्या प्रत्येक कागदाचं प्रमाणित भाषांतर हवं, सातबाराचंसुद्धा.

पैशांबाबत लोक घाबरून चुकतात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात भाऊ, मेहुणे, मित्र सगळे खात्यात पैसे टाकतात. रक्कम फुगते आणि संशयही. मदत घ्यायला काहीच हरकत नाही. देणाऱ्याचं पत्र आणि त्याचं बँक स्टेटमेंट लावा. मुदत ठेव मोडली किंवा जमीन विकली असेल तर त्याचा कागद जोडा. परदेशी पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला 2,50,000 डॉलरची मर्यादा आहे, पण उपचारांचा खर्च त्यापलीकडे जात असेल तर डॉक्टरांचं किंवा हॉस्पिटलचं अंदाजपत्रक दाखवून जास्त रक्कम पाठवता येते. बँकेत कारण 'वैद्यकीय उपचार' असंच नोंदवा. 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, लागतो आणि या कारणासाठी त्याचा दर बराच कमी असतो.

सोबत जाणाऱ्याचा अर्ज वेगळा असतो. त्याच्या पासपोर्टची मुदत आजच बघा, रुग्णाच्या धावपळीत तीच राहून जाते. न परत होणारी विमानाची तिकिटं व्हिसा मिळेपर्यंत काढू नका. अमेरिकेची तारीख फार लांबची दिसली म्हणून थांबूही नका. फी भरून मिळेल ती तारीख आधी घ्यावी लागते, त्यानंतरच वैद्यकीय कारणासाठी तातडीच्या मुलाखतीची विनंती करता येते.

आणि नकार आलाच, तर तीच फाइल घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा फी भरू नका. अमेरिकेच्या 214(बी) नकारावर, म्हणजे तुम्ही परत याल याची खात्री न पटल्याने दिलेल्या नकारावर, अपील नसतं, पण परत अर्ज करता येतो. आधी नकाराचा कागद शांतपणे वाचा, मुलाखतीत काय विचारलं ते त्याच दिवशी लिहून काढा, आणि जिथे गाडी अडली त्याचं उत्तर देणारा नवा कागद, बहुतेकदा डॉक्टरांचं सविस्तर पत्र किंवा पैशांचा स्पष्ट हिशेब, हातात आला की मगच पुन्हा अर्ज करा.