बोर्ड घ्यायचाय? आधी तुम्हाला कोणता भाव लागतो ते पाहा

आर्वीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. डिप्लोमाची पोरं अन् आसपासच्या शाळांचे सर प्रोजेक्टच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डासाठी येतात. प्रश्न ठरलेला, "भाऊ, कॉलेजचं कार्ड दाखवलं तं स्वस्त भेटते का?"

ऊनो, ईएसपी३२, पिको हे प्रोग्राम टाकून चालवायचे छोटे, स्वस्त बोर्ड. यांच्यासाठी कार्ड खिशातच ठेवा. पिको 2021 च्या जानेवारीत आला तोच 4 डॉलरला, विद्यार्थी असो की हौशी. त्यात आणखी सूट कुठून देणार?

शैक्षणिक भावाला अर्थ येतो तो एफपीजीएच्या बोर्डांत, म्हणजे ज्या चिपच्या आतलं सर्किटच आपण हवं तसं जुळवतो त्या बोर्डांत. टेरासिक कंपनीच्या डीई१०-लाइट बोर्डाला साधा भाव वेगळा, शैक्षणिक वेगळा. पोरगं ज्या चिपवर शिकतं तीच उद्या नोकरीत मागतं, हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. पण हा भाव घरच्या जीमेलवरून मिळत नाही. संस्थेचा ईमेल लागतो. म्हणून विभागप्रमुखांना गाठा, चार-पाच जणांची मागणी एकत्र करा आणि कॉलेजच्या नावानेच कोटेशन मागवा. कुरिअर, कस्टम अन् जीएसटी धरून घरपोच आकडा काढा. एकट्यासाठी मागवला तर सूट बरेचदा कुरिअरमध्येच जिरते. घरी शिकायलाच हवा असेल तर टँग नॅनो ९के हा छोटा एफपीजीए बोर्ड बघा. 8,640 एलयूटी, म्हणजे सर्किट जुळवायचे छोटे ठोकळे, पहिल्या वर्षाला रग्गड झाले.

शाळेच्या सरांचं गणित निराळं. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे शाळेतल्या सरकारी योजनेच्या प्रयोगशाळेचं अनुदान 20 लाखांचं, पण हिशेब द्यावा लागतो, तेव्हा पक्कं बिल हवंच. कोटेशनमध्ये 500 लिहिलंय अन् खाली बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा', तर 18 टक्क्यांनी ते 590 होतात.

नागपूरला सीताबर्डीत ऊनो घेताना यूएसबीजवळची चिप वाचा. सीएच३४० दिसली तर तो क्लोन, म्हणजे दुसऱ्याने बनवलेली नक्कल. त्यात वावगं काही नाही, डिझाइन खुलं आहे. फक्त ओरिजिनलचे पैसे देऊ नका. शाळेसाठी मात्र लांबट, 28 पायांची मुख्य चिप सॉकेटात बसवलेलाच घ्या, थोडा महाग पडला तरी. पोट्टे पिनला 12 व्होल्ट लावतातच अन् चिप जळते. मग तेवढी चिप उपटून दुसरी बसवायची. बूटलोडर, म्हणजे यूएसबीवरून प्रोग्राम घेऊ देणारा छोटा प्रोग्राम, आधीच टाकलेली मागा, नाहीतर नुसती चिप घेऊन माझ्याकडेच याल.