ईस्टरच्या प्रीतिभोजनाची तयारी : आधी सोबती, मग मंडप

मंडप, आचारी, स्पीकर हे आपल्या चर्चच्या मंडळीला शिकवायला नको. पहिल्या बैठकीत आधी सोबत्यांची यादी करा. सोबती म्हणजे नव्या माणसाला दारात भेटणारा, उपासनेत त्याच्या शेजारी बसणारा आणि पंगतीतही त्याच्याच शेजारी जेवणारा. गेल्या वर्षी बाकी सगळं होतं, हेच नव्हतं. उपासना सुटली, आपली घरं आपापल्या घोळक्यात बसली आणि पहिल्यांदाच आलेलं एक जोडपं हातात ताट घेऊन भिंतीशी उभं राहिलं. दारात हसून सलाम झाला होता. पुढचं कोणाच्याच नावावर नव्हतं. म्हणून नावं कागदावर लिहा. ‘सगळेच बघतील’ असं कोणी म्हणालं तर त्याचंच नाव आधी लिहा.

पाण्याचं. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या मध्ये येतो, म्हणजे सोलापूरचं ऊन ऐन भरात. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं. पाळीचा दिवस बघून टाकी भरून ठेवा, पिण्याचे जार वेगळे सांगा. एक माठ दारातच हवा. पहाटेच्या उपासनेला आलेली म्हातारी माणसं जेवणापर्यंत थांबतात, त्यांना मधे चहा आणि सावलीतल्या खुर्च्या द्या.

जेवणात मटणाबरोबर शाकाहारी रस्सा, पण कढई वेगळी, पळी वेगळी, टेबलही वेगळं. पाहुण्यांत शेजारचे, कारखान्यातले, माळकरीसुद्धा असतात. ‘यात काय आहे?’ असं विचारायची वेळ त्यांच्यावर आणू नका. भाकरी आणि शेंगाचटणी असेलच.

आता पुन्हा सोबती. नुसती नावं पुरत नाहीत, भाषा बघा. आपल्या शहरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं किती आहेत ते मी सांगायला नको. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा मागे राहू लागल्या, कुरकुर झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, नुसतं ‘लक्ष द्या’ म्हणून सोडलं नाही, 7 माणसं नेमून घेतली. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची माणसं उपाशी राहत होती, त्यांच्याच भाषेची माणसं पुढे आली. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. बैठकीत वाचा आणि मगच नावं घ्या. तेलुगू बोलणाऱ्या आजींजवळ तेलुगू बोलणारी बाईच बसली पाहिजे. तरुण संघातली मुलंमुली यात फार चांगली असतात, त्यांना नुसत्या खुर्च्या उचलायला लावू नका.

पाळकसाहेबांना, म्हणजे पास्टरना, सोबती करू नका. त्यांना दर दोन पावलांवर कोणीतरी गाठतं, पाहुणा मागेच राहतो. मंडळीचे वडील (ज्येष्ठ कारभारी) आणि डीकन (सेवक) वाढायला उभे राहतील, शेवटच्या पंगतीला जेवतील. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, मंडळी सांभाळणारा अध्यक्ष अतिथिप्रिय असावा असं स्पष्ट म्हटलंय. मंडळीला ते पंगतीत दिसू द्या. नगरसेवक आले तरी पुढच्या रांगेतून कोणाला उठवायचं नाही. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा देऊन गरिबाला खाली बसवण्याविरुद्धच आहे, यावर चर्चा नको.

आदल्या रात्री आणखी एकदा यादी वाचा. सोबती आजारी असेल, गावी गेला असेल, तर बदली नाव तेव्हाच लिहा. सकाळी दारात शोधाशोध करून कोणी मिळत नाही.

भांडी, सतरंज्या, हिशोब नेहमीसारखं. उरलेलं अन्न दुपारीच वाटा, उन्हात टिकत नाही. बार्शी-अक्कलकोटकडच्यांना एसटीच्या वेळेआधी वाढा. सोमवारी फोन सोबत्यानेच करायचा, ऑफिसमधून नको. पुढच्या रविवारी दारातही तोच.