जंगलाकाठच्या गावात फटाके: या चुका टाळा

दिवाळीत गवतात अजून थोडी ओल असते. खरी धास्ती लग्नसराईची. वन विभाग वणव्याचा हंगाम धरतो 15 फेब्रुवारी ते 15 जून, आणि वराती-जत्राही नेमक्या तेव्हाच. डोंगरउतारावरचं कुसळी गवत त्या दिवसांत एका ठिणगीचीच वाट बघत असतं.

‘रात्री दहाच्या आत वाजवले, मग काय?’
रात्री 10 ते सकाळी 6 आवाजी फटाके बंद, हा ध्वनिप्रदूषणाचा नियम. आगीचा कायदा निराळा. राखीव जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं हा भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे, भरपाई वेगळी. अभयारण्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चं कलम 30 लागतं. कलम 26 मधली आणखी एक तरतूद गावात सहसा कुणाला ठाऊक नसते: मुद्दाम किंवा घोर हलगर्जीपणाने वणवा लागला, तर त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क शासन स्थगित करू शकतं. रॉकेट उडवणार नवरदेवाचे मित्र, चारा बंद होणार अख्ख्या वाडीचा.

‘हरित आहेत, चालतात’
‘हरित’ म्हणजे धूर-धूलिकण कमी. ठिणगी तीच.

बाटलीतलं रॉकेट
काडी वाकडी किंवा बाटली हलकी असली की रॉकेट आडवं सुटतं आणि थेट कडब्याच्या गंजीत शिरतं. सरळ गेलं तरी धुमसतं नळकांडं वारा नेईल तिथे पडतं. म्हणून रॉकेट, स्काय शॉट, उडते कंदील जंगलाकाठी आणूच नका. भुईनळे आणि भुईचक्रं खळ्यावर किंवा नांगरलेल्या रानात लावा. भोवतालचा 10 मीटरपर्यंतचा पाचोळा आधी झाडून काढा. 200 लिटरचं भरलेलं पिंप, भिजवलेली गोणपाटं आणि दोन फावडी हाताशी हवीत. वारा सुटला तर बेत रद्द, मग वरबाप कितीही रुसो.

फुसका निघालेला फटाका
वाकून बघू नका, पुन्हा वात लावू नका. अर्धा तास जाऊ द्या, लांबूनच पाणी ओता, मग रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. जळके कागद उकिरड्यावर टाकणं ही नेहमीची चूक: शेणकचऱ्यात आग आतल्या आत धुमसते आणि पहाटवाऱ्याला भडकते.

रानडुकरं हाकलायला बांधावर सुतळी बॉम्ब फोडणाऱ्यांनाही हे सगळं लागू आहे.

आग लागलीच तर
चढाच्या बाजूला उभं राहू नका. आग चढावर माणसापेक्षा जोरात धावते. जळून गेलेल्या बाजूने शिरा आणि हिरव्या डहाळ्यांनी ज्वाळेच्या बुडाशी झोडपा. त्याआधी एकाने वन विभागाच्या 1926 वर फोन लावायचा: गाव, टेकडीचं नाव, वारा कुठल्या दिशेला आहे आणि गाडी कुठपर्यंत येते, एवढं सांगायचं.