मोकळ्या हाताने बी उधळताना या चुका टाळा

रस्त्याकडेच्या ओसाड पट्टीत, पदपथावरील झाडाच्या बुंध्याभोवतीच्या मातीत किंवा पडक्या भिंतीलगतच्या रिकाम्या कोपऱ्यात मूठभर बी भिरकावून देण्यात निखळ आनंद आहे, आणि तो आनंद कोणी नियमांनी जखडून टाकावा असे मला मुळीच वाटत नाही. ओळी न आखता, अंतर न मोजता, काय कोठे उगवेल याचे कुतूहल राखून केलेली ही पेरणी लहान मुलांनाही जमते. तरीही ‘एवढे बी टाकले, पण काहीच उगवले नाही’ ही तक्रार गुरिल्ला गार्डनिंग किंवा गनिमी बागकाम (म्हणजे आपल्या मालकीच्या नसलेल्या, दुर्लक्षित जागेत बहुधा परवानगीवाचून केलेली लागवड) करणाऱ्यांकडून सर्वाधिक ऐकू येते, आणि तिची कारणे बहुतेक वेळा नशिबात नसून मोजक्या चुकांत असतात. हात कसाही फिरवावा, आकार कोणताही काढावा. बी, जागा आणि वेळ यांची निवड मात्र डोळसपणे करावी.

बी मातीला टेकतच नाही

काहीच न उगवण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. रुजण्यासाठी बी आपल्याभोवतीच्या ओल्या मातीतून पाणी शोषते, आणि त्यासाठी त्याचा मातीशी घट्ट संपर्क यावा लागतो. पावलांनी तुडवून टणक झालेल्या जमिनीवर, वाळल्या गवताच्या थरावर किंवा पालापाचोळ्यावर पडलेले बी नुसते वर राहते. दिवसा तापते, रात्री थोडे ओलावते, पुन्हा सुकते आणि शेवटी मुंग्यांच्या किंवा पाखरांच्या वाट्याला जाते. म्हणून बी टाकण्याआधी दंताळ्याने किंवा खुरप्याने वरचा एक ते दोन सेंटिमीटरचा थर खरवडून घ्यावा, बी फोकावे, म्हणजे हाताने विखरून पेरावे, आणि मग त्यावरून सपाट पावलांनी चालावे किंवा फळीने दाबावे. मुले असतील तर त्या जागेवर त्यांना नाचू द्यावे. काम उत्तम होते. खोल खणू नये, कारण खालच्या थरात दडलेले तणांचे बी त्यामुळे उजेडात येते आणि शहरी जागेत जमिनीखालून गेलेल्या तारांना धक्का लागण्याचा धोका असतो.

दुसरी चूक खोलीची असते. उरलीसुरली सगळी पाकिटे एका भांड्यात ओतून, कालवून, उधळून द्यायची, ही अलीकडे ‘केऑस गार्डनिंग’ या नावाने गाजलेली पद्धत मजेची आहे. पण सूर्यफुलाचे टपोरे बी आणि धुळीसारखे बारीक बी एकाच खोलीवर रुजत नाही. साधारणपणे बी आपल्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल असावे. लेट्यूस, पेट्युनिया, स्नॅपड्रॅगन यांसारख्या काही वनस्पतींच्या बारीक बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो, त्यामुळे त्यांच्यावर माती ओढली की त्या तशाच पडून राहतात. उपाय सोपा आहे: मिश्रणाचे आधीच तीन वाटे करावेत. टपोऱ्या बिया बोटाने टोकाव्यात, मध्यम बिया फोकून वरच्या मातीत हलकेच मिसळाव्यात आणि अगदी बारीक बी सर्वांत शेवटी पृष्ठभागावर शिंपडून नुसते दाबावे.

एकाच ठिकाणी दाट पुंजका आणि बाकी जागा मोकळी, असे दिसत असेल तर बी थेट मुठीतून टाकले गेले आहे, असे समजावे. बियांच्या चार ते पाच पट कोरडी, फिक्या रंगाची वाळू त्यांत मिसळल्यास फेक एकसारखी होते आणि कोठे टाकले तेही दिसते. मिश्रणाचे दोन भाग करून एक उभा आणि एक आडवा फोकावा. खेळाला खरा वाव येथेच आहे. मोठ्या भोकांच्या मीठदाणीतून ही वाळू सांडत जमिनीवर लाटा, चक्रे किंवा एखाद्याच्या नावाचे पहिले अक्षर काढता येते, आणि काही आठवड्यांनी तेच चित्र हिरवे होऊन दिसते. रानफुलांच्या पेरणीला एका चौरस मीटरला साधारण ३ ते ५ ग्रॅम बी पुरते. त्याहून दाट पेरल्यास रोपे उजेडासाठी एकमेकांना रेटत लांबट आणि अशक्त होतात, त्यांच्या बुडाशी हवा खेळत नाही आणि बुरशीने ती एका रात्रीत माना टाकतात. अशा वेळी मन घट्ट करून विरळणी करावी.

बीजगोळ्यांवर सगळी भिस्त ठेवली जाते

मातीचे बीजगोळे करून ते फेकणे हा या कामातला सर्वांत लाडका प्रकार आहे. जपानच्या शिकोकू बेटावरील शेतकरी मासानोबु फुकुओका यांनी ही पद्धत जगभर पोहोचवली. पण त्यांनी ती स्वतःच्या शेतात, तेथील पावसाचा अंदाज घेऊन, पांढरे क्लोव्हर या जमीन झाकणाऱ्या वनस्पतीची आणि पेंढ्याच्या आच्छादनाची जोड देऊन वापरली होती, हे सहसा सांगितले जात नाही. मातीच्या आवरणाचा मुख्य उपयोग बियांना पाखरांपासून आणि उंदरांपासून वाचवण्यासाठी असतो. टणक, कोरड्या, उतरत्या जमिनीवर गोळा फेकला की तो घरंगळतो, उन्हात विटेसारखा घट्ट होतो आणि सलग पाऊस येईपर्यंत आतले बी कोंडून राहते.

गोळ्यांमध्ये आढळणारे दोष ठरावीक आहेत. गोळा लाडवाएवढा मोठा केला तर आतल्या बियांना हवा मिळत नाही. एक ते अडीच सेंटिमीटर व्यासाचा गोळा पुरेसा असतो. चिकणमातीचे पाच भाग, चाळलेल्या कंपोस्टचे तीन भाग आणि बियांचा एक भाग हे प्रमाण बरेच जण वापरतात. मला स्वतःला त्यातले बियांचे प्रमाण जास्त वाटते, कारण एका गोळ्यातून वीस रोपे एकदम वर आली तर त्यांतली फारच थोडी वाढतात. माती फार ओली घेतली किंवा गोळे दमट जागी ठेवले तर बियांना आतच मोड येतात आणि सुकताना ते मरतात. म्हणून पीठ मळताना लागते तेवढेच पाणी घ्यावे आणि गोळे हवेशीर सावलीत पसरून एक-दोन दिवसांत पूर्ण सुकवावेत. प्लास्टर किंवा सिमेंट मिसळू नये. असे गोळे सुबक दिसतात, पण विरघळत नाहीत. ओक, आंबा, फणस यांसारख्या झाडांचे बी सुकले की मरते, त्यामुळे ते वाळवलेल्या गोळ्यात घालणे म्हणजे फेकण्याआधीच वाया घालवणे आहे. शंभर गोळे करण्यापूर्वी दोन-तीन गोळे कुंडीतल्या ओल्या मातीवर ठेवून काय होते ते पाहावे.

बी जिवंत आहे की नाही, जागे होणार की नाही, हे तपासले जात नाही

जुन्या पाकिटातल्या १० बिया ओल्या कापडात गुंडाळून उबदार जागी ठेवाव्यात. मोड किती आले यावरून उगवणक्षमता कळते. निम्म्याहून कमी असेल तर बी दुप्पट घ्यावे किंवा सोडून द्यावे. कांद्याच्या कुळातले बी वर्ष-दोन वर्षांतच कमजोर होते. अनेक शेंगावर्गीय वनस्पतींच्या बियांचे कवच इतके टणक असते की पाणी आत शिरत नाही. अशा बिया पॉलिश पेपरवर हलक्या घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवाव्यात. थंड प्रदेशातल्या अनेक रानफुलांना तर ओलसर थंडीचे काही आठवडे गेल्याशिवाय जागच येत नाही. त्यांचे बी हिवाळ्याआधी टाकावे, नाहीतर वसंत ऋतूत टाकलेले बी पुढच्या वर्षीपर्यंत पडून राहते आणि माणूस उगीच निराश होतो.

चुकीचे बी पडते

आतापर्यंतच्या चुकांत फार तर बी वाया जाते. ही चूक मात्र पुढे कित्येक वर्षे आणि कित्येक एकर पसरू शकते. घाणेरी ही अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली झुडुपी वनस्पती फुलांच्या रंगांसाठी जगभर नेली गेली आणि आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलियात तिने जंगलांखालची जमीन व्यापली. कॅलिफोर्नियातले केशरी पॉपी तेथे स्थानिक आहे. चिलीत तेच आक्रमक ठरले आहे. पाकिटावर ‘रानफुले’ असे लिहिलेले असते तेव्हा ती कोणत्या रानातली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. अमेरिकेत २०१६ मध्ये परागवाहक कीटकांसाठी पेरलेल्या काही मिश्रणांतून पामर अॅमरँथ हे अत्यंत चिवट तण नव्या भागांत शिरल्याचे आढळले होते, आणि ती पेरणी चांगल्या हेतूनेच झाली होती. ज्या पाकिटावर प्रत्येक वनस्पतीचे शास्त्रीय नाव नाही, ते पाकीट उधळू नये.

येथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. नैसर्गिक गवताळ माळ, पाणथळ जागा, वाळूच्या टेकड्या आणि कातळ ‘रिकामे’ दिसतात, पण रिकामे नसतात. तेथील वनस्पती, कीटक आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी त्या मोकळेपणावरच जगतात. माळावर झाडांचे बी फेकणे हे त्या माळावर उपकार नव्हेत. आपला खेळ माणसाने आधीच उकरलेल्या, बुजवलेल्या आणि टाकून दिलेल्या जागांपुरता ठेवावा. मुलांच्या वावराच्या ठिकाणी कण्हेर, एरंड, धोतरा यांसारख्या विषारी वनस्पतींचे बी कधीही टाकू नये.

जागेची चौकशी केली जात नाही

न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ क्रिस्टी आणि तिच्या ‘ग्रीन गुरिलाज’ गटाने बी आणि खत भरलेले फुगे कुंपणापलीकडच्या पडीक जागांत फेकले, ही हकीकत सर्वांच्या तोंडी असते. पण बावरी आणि हाउस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावर जी बाग उभी राहिली, ती कचरा उपसून, चांगली माती आणून आणि पुढच्या वर्षी शहराकडून ती जागा रीतसर भाड्याने घेऊन, आणि म्हणूनच ती टिकली. परवानगीवाचून दुसऱ्याच्या जमिनीत लागवड करणे बहुतेक ठिकाणी बेकायदा असते. जागा सार्वजनिक असली तरी तिचा सांभाळ कोणाकडे आहे हे आधी विचारावे. रस्त्याच्या वळणावर उंच वाढणारी झाडे लावल्यास वाहनचालकांची नजर अडते, आणि लोहमार्गालगत तर पाऊलच ठेवू नये. जुन्या कारखान्यांच्या, गॅरेजच्या किंवा रंग उडालेल्या जुन्या इमारतींच्या लगतच्या मातीत शिसे असू शकते; तेथे फुले लावावीत, भाजी नको.

गवत आधीच दाट असेल तर त्यावर टाकलेले बी हरते. खत घालून उपयोग होत नाही, उलट खताने गवतच माजते. युरोपातल्या कुरणांत यासाठी गवताच्या मुळांतून रस शोषणारी ‘यलो रॅटल’ ही अर्धपरजीवी वनस्पती शरद ऋतूत पेरतात. इतरत्र गवताचे छोटे चौकोन सोलून काढून तेवढ्याच जागेत पेरणी करणे श्रेयस्कर.

बी टाकून पाठ फिरवली जाते

कोंब फुटल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे नाजूक असतात, कारण तेव्हा मुळे जेमतेम बोटभर खोल असतात आणि एका कडक दुपारीही रोप मरू शकते. पावसाळ्याच्या तोंडावर किंवा सलग ओल असण्याच्या दिवसांत पेरल्यास हे काम बरेचसे वाचते. नाहीतर बारीक धारेच्या झारीने रोज हलके पाणी द्यावे आणि पुढे ते कमी वेळा, पण खोलवर द्यावे.

याच सुमारास आपणच आपली रोपे तण समजून उपटतो. ते टाळण्यासाठी उधळलेल्या मिश्रणातले चिमूटभर बी घरच्या कुंडीत पेरावे. कुंडीत जे उगवेल ते आपले, आणि जागेवर त्यावाचून जे दिसेल ते बहुधा तण, असे ताडून पाहता येते. तशीच चूक गवत कापणाऱ्या कामगाराकडूनही होते, पण त्यात त्याचा दोष नसतो. दगडांची एक ओळ, चार खुंट्या किंवा छोटी पाटी लावून कडा स्पष्ट केली आणि त्याच्याशी दोन शब्द बोलून ठेवले, तर तो पट्टा वाचतो. फुले सुकल्यावर बोंडे लगेच कापू नयेत. ती तपकिरी होऊन हलवल्यावर वाजू लागली की कापून त्याच जागेवर झटकावीत. पुढच्या हंगामात कोणती रोपे आपसूक आली याची नोंद ठेवावी, त्यांचेच बी त्या जागेसाठी गोळा करावे आणि जी आली नाहीत त्यांची पाकिटे दुसऱ्या, अधिक ओलसर किंवा अधिक सावलीच्या कोपऱ्यात वापरून पाहावीत.