श्वासमार्गाच्या पेशींचा थर गळतोय? या चुका टाळा

श्वासमार्गाच्या अस्तरपेशी प्रयोगशाळेत वाढवताना सगळ्यांचं लक्ष टीईईआरच्या, म्हणजे थराच्या विद्युत रोधाच्या, आकड्यावर असतं. आकडा चढला की बॅरिअर (न गळणारा अडसर) तयार, असं धरून चालतात. पण हा विद्युत रोध फक्त आयनांची वाट किती अडली आहे ते सांगतो. मोठे रेणू अडतात का, हे पाहायला फ्लोरोसंट डेक्स्ट्रान (चमकणारा, साखरेच्या साखळीचा मोठा रेणू) वरून टाकून खाली किती उतरतं ते मोजावं लागतं. शिवाय खऱ्या श्वासमार्गात टाइट जंक्शनच्या (पेशींमधली फट बंद करणाऱ्या जोडांच्या) वर म्यूकस (चिकट स्राव) असतो आणि तो घशाकडे ढकलणाऱ्या सिलियाही (केसांसारखे बारीक तंतू) असतात; त्यांच्याबद्दल हा आकडा काही सांगत नाही.

सर्वाधिक प्रयोग बुडतात ते घाईने. या पेशी सच्छिद्र तळाच्या छोट्या कपात, म्हणजे इन्सर्टमध्ये, वाढतात आणि सुरुवातीला त्यांच्या वर-खाली मीडियम (पोषक द्रव) असतं. पेशी एकमेकींना पूर्ण भिडण्याआधीच त्यांना हवा देण्यासाठी वरचं मीडियम काढलं, तर खालचं मीडियम फटींतून वर झिरपतं. दुसऱ्या दिवशी इन्सर्टमध्ये पाणी साचलेलं दिसलं, तर थर अजून जुळलेला नाही. आणि हवा दिल्यावर लगेच सिलिया शोधू नका. बेसल (तळाच्या, मूळ) पेशींपासून सिलियावाल्या आणि गॉब्लेट (म्यूकस बनवणाऱ्या) पेशी नीट तयार व्हायला साधारण ३ ते ४ आठवडे लागतात.

इतके दिवस थांबूनही सिलिया दिसत नाहीत, पेशी चपट्या आहेत? आधी मीडियममधलं रेटिनोइक आम्ल तपासा. ते उजेडात खराब होतं, आणि ते कमी पडलं की पेशी त्वचेसारख्या चपट्या होऊ लागतात. बाटली उजेडात राहिली होती का, मीडियम किती जुनं आहे, हे पाहण्याआधी पेशींना दोष देऊ नये. तेही ठीक असेल तर पॅसेज मोजा, म्हणजे पेशी किती वेळा नव्या भांड्यात पसरून वाढवल्या ते. प्राथमिक (थेट ऊतीतून घेतलेल्या) पेशी जितक्या जास्त वेळा पसराल तितकी त्यांची सिलियावाल्या पेशी बनवण्याची क्षमता घटते.

म्यूकस धुताना कॅल्शियम नसलेलं बफर फार वेळ ठेवू नका. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाची पकड कॅल्शियमवर टिकते. कॅल्शियम निघून गेलं की चांगला जुळलेला थरही सुटू लागतो.

आता टीईईआरचा हिशेब. मीटरवरच्या वाचनातून रिकाम्या इन्सर्टचा रोध वजा करून क्षेत्रफळाने गुणायचं. भागायचं नाही! वाचन ९०० ओहम, रिकामा इन्सर्ट १००, क्षेत्रफळ ०.३३ चौरस सेंटीमीटर, तर उत्तर २६४ ओहम-चौरस सेंटीमीटर. प्लेट थंड होत जाते तसा रोध वाढत जातो, म्हणून इनक्युबेटरमधून काढल्यावर दर वेळी तितकाच वेळ थांबून मोजा.