त्रिकोणांची टोकं शिवणीत बुडतात? ट्रिमिंगमधल्या या चुका टाळा

क्विल्टचा, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या गोधडीचा, एक ब्लॉक (चौकोनी नक्षीचा भाग) जोडून झाला आणि त्रिकोणांची टोकं शिवणीत गडप झाली, की पहिला राग मशीनवर निघतो. टीप वाकडी गेली, कापड ओढलं गेलं, वगैरे. पुष्कळदा टीप बरी असते. घोटाळा त्यानंतर, कटिंग मॅटवर झालेला असतो.

सगळ्यात जास्त शिवला जाणारा तुकडा घेऊ, हाफ स्क्वेअर ट्रँगल, म्हणजे दोन रंगांचे त्रिकोण कर्णावर जोडून झालेला चौकोन. दोन रंगांचे दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून जुळवायचे, कर्णाची रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर टीप घालायची आणि रेघेवर कापायचं. उघडले की दोन तुकडे तयार. आता ते छाटून नेमक्या मापाचे करायचे.

मापाची गल्लत

इथे मापं तीन असतात आणि नवखी माणसं त्यातली दोन हमखास एकमेकांत मिसळतात. क्विल्टमध्ये तुकडा ४ इंच दिसायला हवा असेल, तर तो छाटायचा ४.५ इंचांवर, कारण चारही बाजूंना पाव इंच माया (शिवणीत जाणारं कापड) लागते. जो नेमका ४ इंचांवर छाटतो, त्याचा तुकडा शिवल्यावर ३.५ इंचच उरतो.

तिसरं माप सुरुवातीच्या चौकोनांचं. हिशेबाने ते ५ इंचाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी येतं. कापड वाचावं म्हणून मीही आधी तसेच कापायचे. मग टीप केसभर आत-बाहेर झाली की छाटायला काही उरायचंच नाही. सरळ ५ इंचांचे कापा. जे एक सूत वाया जातं, तेच चूक पोटात घेतं.

पट्टी कडेवर टेकवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तुकडा समोर आला की हात आपोआप पट्टीची रेघ कापडाच्या कडेला लावतो, कारण कड सरळ दिसते. पण कड मुळात तिरकी असू शकते, म्हणून तर छाटतोय ना आपण! तुकडा ४.५ इंचांचा होतो खरा, फक्त शिवण कोपऱ्यातून न जाता बाजूने जाते. असे चार तुकडे मध्यावर जोडले की टोकं एकमेकांना भेटत नाहीत.

पट्टीवरची ४५ अंशांची तिरकी रेघ आधी शिवणीवर ठेवा, दोन रंग जिथे भेटतात अगदी तिथे. रेघ तशीच शिवणीवर ठेवून पट्टी हळूहळू वर-खाली सरकवा, चारही बाजूंनी थोडं थोडं कापड जास्तीचं दिसेपर्यंत. मग उजवी आणि वरची बाजू कापा (डावखुऱ्यांनी डावी आणि वरची). आता तुकडा अर्धा फिरवा. पुन्हा तिरकी रेघ शिवणीवर, आणि या वेळी ४.५ इंचांच्या रेघा नुकत्याच कापलेल्या दोन कडांवर. उरलेल्या दोन बाजू कापा.

पहिल्याच फेरीत एका कडेला सगळी छाट काढून टाकली, तर दुसऱ्या फेरीत माप अपुरं पडतं. म्हणून जास्तीचं कापड दोन्हीकडे वाटून घ्या. पट्टीवर ४.५ चा चौकोन पटकन दिसावा म्हणून मी मास्किंग टेपची चिकटपट्टी लावते. संध्याकाळी दमलेले डोळे ४ आणि ४.५ मध्ये फार गफलत करतात.

इस्त्री करताना केलेला अन्याय

या तुकड्याची शिवण उरेब असते, म्हणजे धाग्याला तिरकी. त्यामुळे ती लगेच ताणली जाते. शर्टावर फिरवतो तशी इस्त्री पुढे-मागे फिरवली, तर चौकोनाचा पतंग होतो. इस्त्री उचलायची, ठेवायची, दाबायची, पुन्हा उचलायची. आधी मिटलेल्या तुकड्याची टीप दाबा, मग उघडून दाबा. शिवणीशी कापडाची बारीक घडी राहिली, तर छाटताना माप बरोबर येतं आणि पुढे कधीतरी ती घडी उघडून तुकडा मोठा होतो. कापड गार झाल्यावरच पट्टी ठेवा.

पट्टी घसरणं, पातं अडखळणं

पट्टीखाली खरखरीत चिकट ठिपके लावा आणि बोटं कडेपासून लांब ठेवून दाबा. दोन-दोन धागे न कापता सुटत असतील, तर कटरचं पातं बदला. जोर लावला की पट्टीच सरकते. एकावर एक चार तुकडे रचून छाटायचा मोह आवरा, खालच्यांची शिवण दिसत नाही. आणि एका क्विल्टला एकच पट्टी वापरा. अर्ध्या सुताचा फरक क्षुल्लक वाटतो, पण ओळीत १६ तुकडे असले की तो पूर्ण १ इंच होतो.

फ्लाइंग गीज

फ्लाइंग गीज म्हणजे मध्ये एक मोठा त्रिकोण आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लहान त्रिकोण असलेला आयत. मधल्या मोठ्या त्रिकोणाच्या टोकावर पाव इंच कापड शिल्लक हवं. नवखे ते टोक कडेला भिडवून छाटतात, दिसायला छान दिसतं आणि पुढच्या शिवणीत टोक नाहीसं होतं. तयार माप २ बाय ४ असेल, तर छाटायचं २.५ बाय ४.५. टोक दोन्ही बाजूंपासून २.२५ इंचांवर आणि वरच्या कडेपासून पाव इंच खाली. दोन्ही तिरक्या शिवणी खालच्या कोपऱ्यांत बरोबर उतरल्या, तर काम जमलं.

आता लहान पडलाच आहे, तर?

एखाद-दुसरा तुकडा एका धाग्याने कमी असेल, तर शिवताना माया किंचित कमी धरून निभावतं. सुतभर कमी असेल, तर तो उसवून शिवण पुन्हा घाला, किंवा नवा करा. सगळेच लहान आले असतील, तर मात्र उसवत बसू नका. त्यातल्या सगळ्यात लहानाच्या मापावर बाकीचे छाटा आणि ब्लॉकमधल्या साध्या चौकोनांचंही माप तेवढंच कमी करा. फक्त ते चौकोन आधीच कापून ठेवलेले असतील, तर तेही छाटायला विसरू नका.