मनगट सुजलंय, कारवाला निघून गेला: किरकोळ अपघातानंतर भरपाईचा दावा कसा करावा

सिग्नलला उभ्या असलेल्या तुमच्या स्कूटरला मागून कार ठोकते. तुम्ही हातावर पडता, गुडघा सोलवटतो. कारवाला उतरून "काका, फार लागलं नाही ना?" विचारतो, पाठीमागे हॉर्नचा गोंगाट सुरू होतो, जमलेली माणसं "जाऊ द्या हो, मिटवा" म्हणतात. स्कूटरच्या दुरुस्तीचे दोन हजार यूपीआयवर येतात आणि प्रकरण मिटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट दुप्पट सुजलेलं असतं. एक्स-रेत फ्रॅक्चर निघतं, आणि तुमच्याकडे त्या कारचा नंबरही नसतो.

मोठ्या अपघातात पोलीस, पंचनामा, रुग्णालय हे सगळं आपोआप मागे लागतं. किरकोळ अपघातात ते आपल्याला मागे लागून करून घ्यावं लागतं. पुढे विमा कंपनीचा वकील एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतो: ही दुखापत त्याच अपघातातली कशावरून? खालची बरीचशी खटपट या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

रस्त्यावरची पहिली दहा मिनिटं

आधी बाजूला व्हा. मग भांडण सुरू करण्यापूर्वी फोन काढा. कारची नंबर प्लेट, दोन्ही गाड्या आहेत त्या स्थितीत, रस्ता आणि आजूबाजूच्या दुकानांच्या पाट्या, सगळ्यांचे फोटो घ्या. दुकानावर सीसीटीव्ही दिसला तर दुकानदाराला त्याच दिवशी विनंती करा, कारण जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. पाहिलेल्या एखाद्या माणसाचं नाव आणि मोबाईल नंबर लिहून घ्या. समोरच्याचं लायसन्स आणि विम्याचा कागद दाखवायला सांगा. नाही दाखवला तरी अडत नाही, नंबर असला की एम-परिवहन ॲपवर विम्याची मुदत दिसते.

पैसे घ्यायचेच असतील तर यूपीआयच्या मेसेजमध्ये "फक्त गाडीची दुरुस्ती" असं लिहायला लावा. "माझी काही तक्रार नाही" असा कागद मात्र रस्त्यावर उभं राहून लिहून देऊ नका. मार बसलेल्या माणसाला पहिल्या तासात अनेकदा दुखत नाही, हे हाडवैद्यालाही ठाऊक असतं.

डॉक्टरला काय सांगायचं

सगळ्यात जास्त दावे इथे कच्चे राहतात. आपण गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, तो वेदनाशामक गोळी देतो, चिठ्ठीवर नुसतं "मनगट दुखणे" लिहितो. कोर्टात या चिठ्ठीला काही वजन नसतं, कारण मनगट बाथरूममध्ये घसरूनही दुखतं.

त्यामुळे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, सरकारी किंवा मोठ्या खासगी रुग्णालयात जा आणि केस पेपर काढतानाच सांगा की रस्ते अपघात आहे. तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणत्या वाहनाने धडक दिली हे कागदावर आलं पाहिजे. अशा प्रकरणात रुग्णालय एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) नोंदवतं आणि पोलिसांना कळवतं. "कशाला एमएलसीची भानगड" असं नातेवाईक म्हणतील, पण पुढे हीच भानगड कामाला येते. आणि पडलो कसे हे सांगताना तपशील बदलू नका. "गाडी घसरली" असं एकदा केस पेपरवर चढलं की ते खोडणं फार अवघड जातं.

नंतरची प्रत्येक तपासणी, फिजिओथेरपी, औषधाचं बिल जपा. बिलावर रुग्णाचं नाव हवं. कोऱ्या नावाची औषधबिलं सहसा वगळली जातात. रिक्षाचं भाडंही वहीत तारखेनिशी लिहीत चला.

केंद्र सरकारच्या मे २०२५ मधल्या योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळू शकतात. दाखल होताना विचारून घ्या.

पोलीस ठाणं

इजा झालेल्या अपघाताची खबर पोलिसांना २४ तासांत द्यायची जबाबदारी कायद्याने चालकावर टाकली आहे. तो देईल याच्या भरवशावर राहू नका. तुम्ही जा, एफआयआरची मागणी करा. बेदरकारपणे वाहन चालवून दुखापत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खालचा गुन्हा आहे. "किरकोळ आहे, नुसती डायरीत नोंद करू" असं उत्तर मिळालं तर नम्रपणे लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. डायरीतल्या नोंदीवर दावा चालतच नाही असं नाही, पण एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि दोषारोपपत्र असलं की धडक कोणी दिली हे सिद्ध करणं कितीतरी सोपं होतं.

गुन्हा नोंदला गेला की २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. तपास अधिकाऱ्याकडे त्याची विचारणा करत राहा.

दावा कुठे, कोणावर, कधी

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. हे जिल्ह्याच्या ठिकाणी, बहुतेक न्यायालयाच्याच आवारात असतं. अपघात सोलापूरला झाला आणि तुम्ही ठाण्यात राहत असाल तर ठाण्यातही दावा करता येतो, सोलापूरच्या खेपा घालायची गरज नाही. विरुद्ध पक्षात चालक, वाहनमालक आणि त्या वाहनाची विमा कंपनी असे तिघे लागतात. तुम्ही रिक्षातले प्रवासी असाल किंवा पायी चालत असाल तरी हक्क तोच.

मुदत सहा महिन्यांची, अपघाताच्या तारखेपासून. हा नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. त्याआधी १९९४ पासून मुदतच नव्हती, म्हणून जुने जाणकार अजूनही "केव्हाही करता येतो" असं छातीठोक सांगतात. मुदतीच्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या आशेवर सातवा महिना उजाडू देऊ नका.

वाट दोन प्रकारची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली समोरच्याची चूक सिद्ध करायची आणि झालेलं सगळं नुकसान मागायचं. कलम १६४ खाली चूक सिद्ध करावी लागत नाही, गंभीर दुखापतीला ठरावीक अडीच लाख रुपये मिळतात. फ्रॅक्चर किंवा तुटलेला दात कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापतच आहे, हे अनेकांना माहीत नसतं. कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो, त्यामुळे निवड वकिलाशी बोलूनच करा. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही, तर गंभीर दुखापतीसाठी ५० हजारांची वेगळी सरकारी योजना आहे. तिचा अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयाकडे करायचा.

किती मागायचं

सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सांगितलं आहे की साध्या दुखापतीत तीन गोष्टींची भरपाई द्यायची: उपचार आणि त्याला लागून आलेला खर्च, उपचाराच्या काळात बुडालेली कमाई, आणि वेदना-त्रास. भविष्यातल्या कमाईचं नुकसान मागायचं तर कायमचं अपंगत्व दाखवणारा वैद्यकीय पुरावा लागतो.

समजा, उपचार ३८ हजार, पगार महिना २५ हजार आणि दीड महिना घरी, म्हणजे साडेसदतीस हजार, शिवाय ये-जा चार हजार. हे झाले ७९,५०० रुपये. वेदनांपोटीची रक्कम न्यायाधिकरण ठरवतं. पगाराच्या स्लिप आणि कार्यालयाचं रजेचं पत्र जोडा. रजा भरपगारी होती तरी ती तुमची खर्ची पडली, तिचीही मागणी करा. भाजीचा गाडा किंवा शिकवण्या असतील तर बँक पासबुक, जीएसटी किंवा आयकराचे कागद, जे असेल ते.

उपचाराचा खर्च मेडिक्लेमने दिला असेल तर "तो वजा करा" असं विमा कंपनी म्हणेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवलं की मेडिक्लेमची रक्कम वजा करायची नाही, कारण तिचे हप्ते तुम्ही भरले आहेत. मात्र मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे देण्याआधी प्रती काढून, शिक्का मारून घ्या.

वकील आणि तडजोड

रुग्णालयाच्या दारात कार्ड वाटणाऱ्याकडे कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. "मिळेल त्याच्या इतके टक्के" अशी फी बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी आधी ठरवा, लेखी घ्या. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांगांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

लहान दाव्यांना लोकअदालत चांगली, असं माझं मत. कंपनीचा अधिकारी समोर असतो, आकडा त्याच दिवशी ठरू शकतो, आणि वर्षानुवर्षं तारखांना हजर राहणं वाचतं. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून प्लास्टर निघून, फिजिओथेरपी संपून, बोटं नीट मिटतात का हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय सही करू नका. प्लेट किंवा स्क्रू काढायची शस्त्रक्रिया बाकी असेल तर तिच्या खर्चाचा लेखी अंदाज डॉक्टरांकडून आधी घ्या आणि तो आकड्यात धरूनच बोलणीला बसा.